नर्सबाई, मनाचे आजार आणि आमचे उपकेंद्र

वार्षिकांकासाठी लेख द्यायचे ठरले तेव्हा माझ्या मनात प्रथम 'स्वप्नांचे मानसशास्त्र' हा विषय आला होता. ग्रंथालयात त्यावर दोन पुस्तकेही मिळाली. परंतु आमच्या मानसशास्त्राच्या मॅडमनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाल्या, "हे दरवर्षी कुणीतरी लिहितेच. तू तुझ्या गावातले लिही. पुस्तकाचा आधार लागेल तिथे मी देते." गावातले म्हणजे काय लिहावे, याचा विचार करता करता मला आमच्या उपकेंद्रातल्या नर्सबाई आठवल्या. आपल्यावर कुणी लेख लिहील असे त्यांना स्वतःलाही कधी वाटले नसेल.

नर्स म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शहरातले मोठे रुग्णालय, पांढरा वेश आणि डॉक्टरांच्या मागे ट्रे घेऊन उभी असलेली बाई येते. आमच्या बालाघाटच्या डोंगरकपारीत नर्सबाई म्हणजे खांद्याला पिशवी, हातात लशींची पेटी आणि काखेत रजिस्टरे घेऊन उन्हातून चालत येणारी बाई. सरकारी कागदावर तिला आरोग्यसेविका म्हणतात. लोकांच्या लेखी तिची कामे तीन : पोरांना सुई टोचणे, गरोदर बाईचे नाव लिहून घेणे आणि दोन लेकरे झाली की ऑपरेशनची आठवण करून देणे. मनाच्या आजाराशी तिचा काही संबंध असेल असे मला कॉलेजात येईपर्यंत वाटले नव्हते. आणि कॉलेजात आल्यावर ते कळले तेही पुस्तकामुळे नव्हे, वहिनीमुळे. वहिनीची हकिकत पुढे येईलच. तिला विचारूनच लिहीत आहे. "लिही, पण नाव नको," एवढेच ती म्हणाली.

आधी थोडी व्यवस्था समजून घेऊ. आजच्या मापाप्रमाणे साधारण ३०,००० लोकवस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० लोकवस्तीला एक उपकेंद्र असावे असे ठरलेले आहे. डोंगराळ आणि आदिवासी भागात हेच आकडे २०,००० आणि ३,००० असे आहेत. डॉक्टर बसतात ते प्राथमिक आरोग्य केंद्रात. उपकेंद्रात आरोग्यसेविका असते, बहुधा एक आरोग्यसेवक असतो आणि २०१८ नंतर पुष्कळ ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारी आले आहेत. त्यांच्यातही नर्सिंगचे पदवीधर बरेच असतात. मदतीला गावातली आशाताई. म्हणजे तापापासून बाळंतपणापर्यंत गावाची पहिली गाठ पडते ती बहुतेक वेळा नर्सशीच.

उलट, मनाच्या डॉक्टरची गाठ पडणे किती अवघड ते पाहा. आपल्या देशात लाख लोकांमागे सरासरी एकही मानसोपचारतज्ज्ञ येत नाही, आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत. शासनाची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या चार ठिकाणी आहेत. आमच्या गावात या गावांची नावे लोकांना माहीत आहेत ती टिंगलीपुरती. "ह्याला येरवड्याला धाडा," असे म्हटले की पारावर हशा पिकतो. ज्या नावाने हसायचे, त्या ठिकाणी आपल्या माणसाला उपचारासाठी कोण नेणार ?

बंगळूरच्या 'निम्हान्स' या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. (त्या बारांत महाराष्ट्र नव्हता, हे मुद्दाम सांगते.) प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता असे त्यात आढळले. आणि उपचार न मिळणाऱ्यांचे प्रमाण आजारागणिक ७० ते ९२ टक्के निघाले. वर्गात मॅडमनी हे आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा मी ते वहीत उतरवून घेतले आणि खाली रेघ मारली. शंभरातले दहा म्हणजे आमच्या आळीतले किती, हा हिशेब तेव्हा केला नाही.

आता प्रश्न असा की, हे एवढे लोक जातात कुठे ? ते घरात बसून राहत नाहीत. ते दवाखान्यातच येतात, परंतु मनाची तक्रार घेऊन येत नाहीत. "मला नैराश्य आले आहे," असे म्हणणारा माणूस मी गावात अजून पाहिलेला नाही. आमच्याकडे बाया म्हणतात, "जीव घाबरा व्हतोय," "डोक्यात मुंग्या येत्यात," "अन्न गोड लागंना," "सगळं अंग आंबल्यावानी झालंय." पुरुष म्हणतात, "कंबर धरली," "अपचन झालंय." नर्सबाई रक्तदाब बघतात, तो ठीक निघतो. शक्तीच्या लाल गोळ्या देतात. बाई जाते आणि पंधरा दिवसांनी तीच तक्रार घेऊन परत येते.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांच्या आरोग्याचा अभ्यास केला, त्यात एक गोष्ट फार विचार करण्यासारखी दिसली. अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार करणाऱ्या पुष्कळ बायकांना जंतुसंसर्ग नव्हता. त्या तक्रारीचा संबंध चिंता, उदासी आणि घरातल्या जाचाशी अधिक होता. ही तक्रार आपल्याकडे बाई कुणाला सांगते ? डॉक्टर पुरुष असला तर त्याला नाहीच. ती नर्सबाईंना, तीही दार लोटून घेऊन सांगते. म्हणजे आजाऱ्याच्या तोंडून निघणारे पहिले, चुकीचे, भलत्याच अवयवावर ठेवलेले वाक्य नर्सच्या कानावर पडते. तिला ते ओळखता आले तर पुढचा मार्ग खुला होतो. नाही ओळखता आले तर लाल गोळ्या आहेतच.

आता वहिनीची गोष्ट.

पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, परंतु वहिनीची आई वारलेली. म्हणून ते आमच्याकडेच झाले. मुलगी झाली. तेव्हा वहिनी बावीस वर्षांची होती आणि मी प्रथम वर्षाला होते. महिनाभरात वहिनी बदलली. बाळ झोपले तरी ती झोपेना, आढ्याकडे बघत पडून राही. नाहायला उठवावे लागे. जेवणाचे ताट तसेच परत येई. "माझ्याच्यानं हिचं काही व्हायचं न्हाई," असे एकदा ती माझ्याजवळ बोलली, तेव्हा मी म्हटले, "असं काय बोलतेस, सगळं होतं." आई म्हणाली, पोरगी झाली म्हणून तोंड पाडून बसलीय. नंतर तिला वाटू लागले की ही बाहेरची बाधा आहे, आणि तिने शेजारच्या गावच्या देवऋषीकडून अंगारा आणला. दादा कामावर, त्याला वाटे हे बायकांचे प्रकरण आहे.

याच महिन्यात आमची अंतर्गत परीक्षा झाली. 'नैराश्याची लक्षणे' ही टीप आली होती. झोप न लागणे, भूक मंदावणे, स्वतःला नालायक समजणे, नेहमीच्या गोष्टींत रस न वाटणे, असे सगळे मी ओळीने लिहिले आणि पाचपैकी चार गुण मिळवले. संध्याकाळच्या एस.टी.ने घरी आले, वहिनीचे न जेवलेले ताट उचलले आणि घासायला बसले. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. ती टीप आणि ते ताट यांचा संबंध मला लागला नाही, हे लिहिताना आजही हात अडखळतो.

दीड महिन्याची लस टोचायला आम्ही बाळाला अंगणवाडीत नेले. आईने बाळाला तेल लावून, काजळ घालून, झबले घालून नटवले होते. वहिनी मागून आली. सुई टोचली आणि बाळाने टाहो फोडला. तिथे बसलेल्या दहा-बारा बायांनी तिकडे पाहिले, एकट्या वहिनीने पाहिले नाही. ती भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होती. हे मला दिसले नाही, नर्सबाईंना दिसले. त्या तेव्हा काहीच बोलल्या नाहीत. रजिस्टरात लशीची नोंद केली, ताप आला तर काय करायचे ते सांगितले आणि आम्हांला जाऊ दिले.

दुपारी तीनच्या सुमारास त्या आमच्या घरी आल्या. "बाळाला ताप आहे का बघायला आले," म्हणाल्या. मग आईला म्हणाल्या, "मावशी, घोटभर चहा टाका, सकाळपासून उपाशी आहे." बाळ माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "तू हिला जरा बाहेर हिंडव." अशा रीतीने त्यांनी वहिनीला एकटीला गाठले. आत काय बोलणे झाले ते वहिनीने मला पुष्कळ दिवसांनी सांगितले. बाई तिच्याशेजारी वाकळेवर बसल्या. झोप कशी आहे, जेवण कसे आहे, असे विचारता विचारता त्यांनी सरळच विचारले, "मरून जावंसं वाटतं का ?" वहिनी म्हणाली, "मी हिरीकडं जायाचं टाळते, बाई."

असे विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेला विचार शिरेल अशी आपल्याला भीती वाटते. मलाही वाटत होती. परंतु तज्ज्ञांचे मत याच्या उलट आहे : शांतपणे, सरळ विचारले तर माणसाला बोलायला वाट मिळते, आणि धोका किती जवळ आहे ते कळते. आमच्या नर्सबाईंना हे एका सरकारी प्रशिक्षणात सांगितले होते. प्रशिक्षण थोड्याच दिवसांचे होते. "बाकीचं विसरले," त्या मला म्हणाल्या, "एवढं एक वाक्य मात्र राहिलं."

चहा झाल्यावर त्यांनी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला. दादाला शेतातून बोलावून घेतले. रात्री हिला एकटीला ठेवायचे नाही, उद्या पहिल्या गाडीने जिल्ह्याच्या रुग्णालयात न्यायचे, तिथे मनाच्या आजाराची ओपीडी असते, असे सांगून चिठ्ठी लिहून दिली. आई बिथरली. "माझी सून काय येडी हाय व्हय ?" बाई शांतपणे म्हणाल्या, "मावशी, बाळंतपणात रक्त कमी होतं का नाही ? तसाच हाही बाळंतपणाचाच आजार आहे. गोळीनं बरा होतो." मग त्यांची नजर वहिनीच्या कपाळावरच्या अंगाऱ्याकडे गेली. मला वाटले आता त्या रागावणार. त्या म्हणाल्या, "अंगारा राहू द्या. गोळी मात्र चुकवायची नाही." त्या वेळी मला, विज्ञानाची बाजू घेणाऱ्या विद्यार्थिनीला, त्यांचे हे बोलणे आवडले नव्हते. आज वाटते की, त्या एका वाक्यासाठी आईने त्यांना पुन्हा घरात येऊ दिले.

इथे थोडे शास्त्र सांगायला हवे. बाळंतपणानंतर मनाच्या तीन वेगवेगळ्या अवस्था दिसतात आणि त्यांची गल्लत होते. पहिल्या आठ-दहा दिवसांत पुष्कळ बायांना कारण नसता रडू येते, चिडचिड होते. हे आपोआप ओसरते आणि त्याला औषध लागत नाही. दुसरी अवस्था खऱ्या नैराश्याची, ती आठवडे-महिने टिकते; वहिनीला झाले ते हे. तिसरी अवस्था विरळा, हजार बाळंतिणींत एखाद-दोघींना होणारी, परंतु फार धोक्याची. हिची सुरुवात बहुधा पहिल्या पंधरवड्यातच होते. बाई असंबद्ध बोलते, भास होतात, बाळाबद्दल भलतेसलते विचार येतात. तिथे एक दिवसही थांबून चालत नाही. बाळ जन्मल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईने घरी जावे असा नियमच आहे, आणि नर्सबाईही बाळंतिणीला भेटतात. या तिन्ही अवस्था डोळ्यांपुढून जाव्यात अशाच तारखा आहेत त्या. परंतु सारे लक्ष बाळाच्या वजनाकडे, बेंबीकडे आणि तापाकडे असते.

वहिनीला डॉक्टरांनी अंगावर पाजणाऱ्या बाईला चालतील अशा गोळ्या दिल्या. दहा दिवसांनी तिने त्या बंद केल्या, कारण फरक काहीच नव्हता आणि मळमळ मात्र होत होती. या प्रकारच्या गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन आठवडे जातात आणि त्रास आधी होतो, गुण नंतर येतो, ही गोष्ट रुग्णालयात कुणी सांगितली असेल तर ती आमच्या दादाच्या डोक्यावरून गेली. नर्सबाई दर मंगळवारी येत. बाळाचे वजन करायचे निमित्त. पाकिटातल्या गोळ्या त्या मोजत. शिल्लक जास्त निघाली तेव्हा रागे भरल्या नाहीत. जेवल्यावर घे, आणखी दहा दिवस माझ्यासाठी घे, म्हणाल्या. मग वीस-पंचवीस मिनिटे बसून असत. त्या फारसे बोलतही नसत. वहिनीच बोले, आईबद्दल, आपल्या माहेरच्या ओढ्याबद्दल. पाचव्या का सहाव्या मंगळवारी वहिनीने सकाळी उठून मला विचारले, "माझी फणी कुठाय गं ?" एवढ्या दिवसांत तिने स्वतःहून मागितलेली ती पहिली वस्तू.

मॅडमनी मला एका जुन्या वैद्यकीय नियतकालिकातला १९८९ सालचा लेख वाचायला दिला. इंग्रजी अवघड होते, दोन रविवार गेले. स्कॉटलंडमधला अभ्यास आहे. तिकडे 'हेल्थ व्हिजिटर' म्हणून ज्या बाया घरोघर जातात, त्या मुळात नर्सच. आपल्या आरोग्यसेविकेच्या दूरच्या बहिणी म्हणा ना. त्यांना थोडे प्रशिक्षण दिले आणि बाळंतपणानंतरच्या नैराश्यात असलेल्या बायांना आठवड्यातून एकदा, असे आठ आठवडे, नुसते ऐकून घेण्यासाठी भेटायला सांगितले. सल्ला द्यायचा नाही, उपदेश करायचा नाही. ज्यांना अशा भेटी मिळाल्या त्या २६ बायांपैकी १८ तीन महिन्यांत पूर्ण बऱ्या झाल्या. ज्यांना नेहमीचीच सेवा मिळाली त्या २४ पैकी ९ बऱ्या झाल्या. संख्या लहान आहे, हे मला मान्य आहे. परंतु तो तक्ता वाचताना मला आमचे मंगळवार दिसत होते. आमच्या नर्सबाईंनी हा लेख वाचलेला नाही. वहिनीला गोळ्याही चालू होत्या, त्यामुळे गुण कशाचा किती, हे मी सांगू शकत नाही. पण मंगळवार नसते तर गोळ्या दहाव्या दिवशीच संपल्या असत्या, एवढे निश्चित.

म्हणून माझे मत असे झाले आहे की, मनाच्या आजारात नर्सचे खरे बळ तिच्या ज्ञानात जितके आहे, त्याहून अधिक तिच्या पुन्हा येण्यात आहे. डॉक्टर एकदा भेटतो. नर्स परत येते, आणि ती दुसऱ्याच कामासाठी आलेली असते म्हणून शेजाऱ्यांना संशय येत नाही.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात चंदिगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने हरियाणातील रायपूर राणी येथे आणि 'निम्हान्स'ने बंगळूरजवळच्या सकलवारा येथे प्रयोग केले. गावपातळीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना थोडक्या दिवसांत शिकवून गंभीर मनोविकार, फिट्स आणि मतिमंदत्व ओळखता येते का, औषधे चालू ठेवायला मदत करता येते का, हे पाहणे हा हेतू. येते, असे दिसले. त्यावरून १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला गेला, मग कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात तो संपूर्ण जिल्ह्यापुरता राबवून पाहिला गेला आणि १९९६ मध्ये चार जिल्ह्यांपासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. वहिनी ज्या ओपीडीत गेली ती याच कार्यक्रमाची. आमच्या गावात एक गृहस्थ आहेत, लोक आपल्याला विष घालणार असा त्यांना एके काळी संशय होता. त्यांना महिन्याकाठी एक इंजेक्शन लागते. ते चुकले नाही तर त्यांचे किराणा दुकान व्यवस्थित चालते. हे इंजेक्शन टोचण्याचे, आणि ते आले नाहीत तर दुकानात जाऊन "काय शेठ, विसरलात का ?" म्हणण्याचे काम नर्सबाईच करत.

गेल्या काही वर्षांत कागदावरही सुधारणा झाली आहे. आशाताई आता घरोघर एक फॉर्म भरतात. त्यात साखर, रक्तदाब, तंबाखू यांच्या जोडीला शेवटी दोन प्रश्न मनाचे आहेत : गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटला नाही, असे किती दिवस झाले ? आणि उदास, निराश वाटले असे किती दिवस ? 'अजिबात नाही'ला शून्य, 'जवळजवळ रोज'ला तीन गुण. बेरीज तीनच्या वर गेली तर त्या माणसाला समुदाय आरोग्य अधिकारी किंवा डॉक्टरांकडे पाठवायचे. प्रश्न चांगले आहेत. परंतु हा फॉर्म तीस वर्षांवरच्या माणसांचा आहे, आणि वहिनी बावीस वर्षांची होती.

दुसरे असे की, प्रश्न कुठे विचारला जातो यावर उत्तर ठरते. दिवाळीच्या सुट्टीत मी नर्सबाईंबरोबर तीन दिवस हिंडले. एका दारात त्यांच्या सोबतच्या आशाताईंनी फॉर्म काढला. ओट्यावर सासरा, दीर, दोन पाहुणे. "उदास वाटतं का ?" "न्हाई बा." शून्य. "कामात रस वाटतो ना ?" "व्हय की." शून्य. त्याच बाईने, आम्ही निघालो तेव्हा, गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत मागे येऊन नर्सबाईंचा हात धरला. काय बोलली ते मी ऐकले नाही, मी पुढे गेले. परंतु फॉर्मवर शून्यच राहिले असणार.

आता या सगळ्याची दुसरी बाजू. हे लिहिताना मी नर्सबाईंना एक काम वाढवून ठेवत आहे, याची मला जाणीव आहे. त्या तीन दिवसांत मी त्यांची रजिस्टरे मोजली आणि बारानंतर मोजायचे सोडून दिले. शिवाय मोबाईलवर तीच माहिती पुन्हा भरायची. रात्री अकराला बाळंतपणासाठी फोन. "मला कुणी विचारतं का, बाई तुला झोप लागते का ?" असे त्या हसत म्हणाल्या, पण ते हसण्यासारखे नव्हते. म्हणून मला गोव्यातला आणखी एक प्रयोग महत्त्वाचा वाटतो. तिथे २४ दवाखान्यांत डॉक्टर-नर्सवर भार न टाकता, त्याच भागातल्या, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या बायांना दोन महिने शिकवून समुपदेशक म्हणून बसवले. २०१० मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत अशी बाई होती तिथे सहा महिन्यांनी ६५.९ टक्के रुग्ण सावरले होते, नव्हती तिथे ४२.५ टक्के. खासगी डॉक्टरांकडे मात्र फरक दिसला नाही; तिथे दोन्हीकडची माणसे सारखीच सावरली. नर्सने ओळखावे, पुन्हा पुन्हा भेटावे. तासभर बसून समुपदेशन करायला दुसरे माणूस द्यावे. नर्सला अर्धी डॉक्टर करू नये. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही फोनवरची मोफत सेवा मराठीतही मिळते. अडल्यावेळी नर्सलाही तिचा उपयोग होतो. परंतु गोळ्या मोजायला फोन येत नाही.

आणि पुन्हा येणे हेच जर बळ असेल, तर ते तुटते कशाने हेही पाहिले पाहिजे. दसऱ्यानंतर आमचा अर्धा गाव ऊसतोडीला जातो. उचल घेतलेली असते, टोळीबरोबर जावेच लागते. गोळ्या चालू असलेली एक बाई नर्सबाईंच्या यादीत होती. दोन महिन्यांच्या गोळ्या तिच्या गाठोड्यात बांधून दिल्या. पुढच्या कुठून मिळणार ते तिलाही ठाऊक नव्हते आणि बाईंनाही. आरोग्य केंद्रात त्या गोळ्या एका पावसाळ्यात सात आठवडे आल्या नाहीत. दादाने त्या जिल्ह्याच्या गावाहून विकत आणल्या. आणि फेब्रुवारीत नर्सबाईंचीच बदली झाली. जागा चार महिने रिकामी राहिली. रिकामी जागा म्हणजे लशीचा दिवस चुकतो, हे सगळ्यांना कळते. परंतु या काळात किराणा दुकानदाराची दोन इंजेक्शने चुकली आणि दुकानाचे दार आठवडाभर आतून बंद होते, हे कोणत्या तक्त्यात लिहिणार ?

जूनच्या अखेरीस नव्या नर्सबाई आल्या. वयाने माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठ्या असतील. आशाताईंबरोबर फॉर्म घेऊन त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा ओट्यावर वडील आणि चुलते बसले होते. आईचे वय लिहून घेतले, साखरेचे विचारले, तंबाखूचे विचारले. मग त्या दोन प्रश्नांवर आल्या. आई पदर सावरत म्हणाली, "न्हाई न्हाई, मला काय झालंय ?" बाई शून्य लिहिणार तेवढ्यात वहिनी मुलीला कडेवर घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "बाई, आत या, चहा घ्या. हे आत बसून इचारा."

बाई आत गेल्या तेव्हा अकरा वाजले होते. वहिनीने दार लोटून घेतले आणि मुलीला घेऊन ती बाहेर येऊन बसली. चहा दोनदा झाला. त्या निघाल्या तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. आईने अजून मला काही सांगितलेले नाही, आणि मीही विचारलेले नाही. नव्या बाई पुढच्या मंगळवारी पुन्हा यायच्या आहेत.